अ‍ॅपमधला हिरवा दिवस

ताई,
मी वीस वर्षांची आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभरापासून एका मुलासोबत आहे, तो माझ्याहून एका वर्षाने मोठा. आमच्यात शारीरिक संबंध आहेत. माझ्या फोनमध्ये पाळीचं अ‍ॅप आहे. त्यात हिरव्या रंगाचे दिवस 'सेफ' असतात, त्या दिवशी कंडोम कशाला, असं तो म्हणतो. गेल्या वेळी पाळी सुरू झाल्यापासून नवव्या दिवशी असंच झालं. मला भीती वाटली, म्हणून दोन दिवसांनी इमर्जन्सी गोळी घेतली. त्यानंतर आमच्यात संबंध आलेला नाही. आता अ‍ॅपच्या हिशेबाने पाळी सहा दिवस लांबली आहे. काल सकाळी टेस्ट केली, एकच रेघ आली. तरी रात्रभर झोप नाही. आधीच्या चार पाळ्यांमध्ये २७, ३४, २९ आणि ३१ दिवसांचं अंतर होतं. टेस्ट चुकली असेल का? अ‍ॅपवर विसंबावं का? गोळीने पुढे मूल होण्यात अडचण येईल का? आणि अजून एक. कंडोम वापरू म्हटलं की तो म्हणतो, 'माझ्यावर विश्वास नाही का?' मागे एकदा मी नाही म्हणाले तर दोन दिवस बोलला नाही. शेवटी मीच हो म्हटलं. माझं चुकतंय का?

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझी झोप उडवणारा प्रश्न, बाकीचं नंतर. काल आलेली ती एक रेघ खरी असण्याचीच शक्यता खूप जास्त आहे.

गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की एचसीजी नावाचं हार्मोन तयार व्हायला लागतं. लघवीच्या टेस्टमध्ये तेच शोधतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून गर्भ रुजेपर्यंत साधारण सहा ते बारा दिवस जातात आणि मग एचसीजी दोन-तीन दिवसांत दुप्पट होईल अशा वेगाने वाढतं. म्हणून संबंधानंतर चार-पाच दिवसांनी घाईघाईने केलेल्या टेस्टला काही अर्थ नसतो, पण तीन आठवडे उलटून गेल्यावर नीट केलेली टेस्ट भरवशाची असते. तुझ्या तारखा मी मांडून पाहिल्या. काल त्या संबंधाला पंचवीस दिवसांच्या वर झाले होते आणि मधल्या काळात पुन्हा संबंध आलेला नाही. फक्त एवढं आठवून बघ: किटची मुदत संपलेली नव्हती ना, 'सी' अक्षरासमोरची रेघ स्पष्ट उमटली होती ना, आणि वेष्टनावर सांगितलेल्या वेळेतच निकाल वाचलास ना? 'सी'ची रेघच उमटली नसेल, तर ती टेस्ट बाद. सगळं ठीक असेल, तरी आठवड्याभरात पाळी आली नाही तर सकाळच्या पहिल्या लघवीवर आणखी एक टेस्ट कर. तीही निगेटिव्ह आली आणि पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जा. तेव्हा गर्भधारणेच्या भीतीने नाही, पाळी का थांबली ते बघायला. थायरॉइड, पीसीओएस (बीजकोशाशी निगडित हार्मोनचा बिघाड), झपाट्याने उतरलेलं वजन, परीक्षेचा ताण अशी बरीच कारणं असतात आणि बहुतेकांवर उपाय आहेत.

पण तुझ्या बाबतीत इतकं लांब जायची गरज पडेल असं मला वाटत नाही. तू इमर्जन्सी गोळी घेतलीस. त्या गोळीत बहुतेक वेळा लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असतं आणि त्याचं मुख्य काम स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलणं हे आहे. तू ती अकराव्या दिवसाच्या सुमारास घेतलीस, म्हणजे स्त्रीबीज बहुधा सुटायच्या बेतात होतं. ते पुढे गेलं की त्यामागून येणारी पाळीही पुढे जाते. या गोळीनंतर पाळी आठवडाभर मागेपुढे होणं अगदी नेहमीचं आहे आणि गोळीच्या पाकिटातल्या कागदावर ते लिहिलेलंही असतं. पण तो बारीक अक्षरातला कागद कुणी उघडत नाही, आणि मग गोळीचा परिणाम म्हणून लांबलेली पाळी गर्भाची खूण वाटायला लागते. शिवाय तुझ्या स्वतःच्या नोंदीत ३४ दिवसांची पाळी आहेच. अ‍ॅप म्हणतंय सहा दिवस उशीर. तुझ्या सगळ्यात लांब पाळीच्या हिशेबाने तू जेमतेम दोन दिवस पुढे आहेस.

आता अ‍ॅप. तू ज्या चार आकड्यांनी हा प्रश्न विचारलास, त्याच आकड्यांत त्याचं उत्तर आहे. म्हणून कागद घे आणि माझ्याबरोबर हिशेब कर.

२७, ३४, २९, ३१. सरासरी ३०. अ‍ॅपने धरलं की पुढची पाळीही ३० दिवसांची असेल. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे सोळावा दिवस. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून अकरा ते सोळा हे दिवस धोक्याचे आणि नववा दिवस हिरवा. सरासरीचा हिशेब बरोबर आहे. पण तुझं शरीर कुठल्याच महिन्यात सरासरीने चाललेलं नाही. ज्या महिन्यात पाळी २७ दिवसांची होती, त्या महिन्यात स्त्रीबीज तेराव्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार आणि गर्भ राहू शकेल असे दिवस होते आठ ते तेरा. नववा दिवस बरोबर त्यांच्यात येतो. ज्या महिन्यात ३४ दिवस झाले, त्या महिन्यात हेच दिवस पंधरा ते वीस होते. म्हणजे फक्त चार महिन्यांत आठव्या दिवसापासून विसाव्यापर्यंतचा कुठलाही दिवस धोक्याचा ठरू शकत होता. '१४ दिवस आधी' हा आकडाही सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. कुणाचे १२ असतात, कुणाचे १६. तेवढी सूट दोन्ही बाजूंनी धरली, तर हिरवे म्हणून उरतात ते पाळीतले दिवस आणि शेवटचा आठवडा-दीड आठवडा, तेही या महिन्यात पाळी २७ दिवसांहून लवकर येणार नाही असं गृहीत धरून. आणि ती किती दिवसांनी आली, हे ती आल्यावरच कळतं. आधी सांगणारं कुणी नाही.

स्त्रीबीज पुढच्या पाळीवरून मागे मोजायचं असतं, हे १९२०च्या दशकात जपानच्या क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या हेर्मान क्नाउस या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून दाखवलं. सेफ पिरियडचा सगळा हिशेब तिथून आला. पण खुद्द ओगिनो यांना ही पद्धत गर्भनिरोधनासाठी वापरणं मान्य नव्हतं, कारण ती फार वेळा फसते असं त्यांचं मत होतं. पुढे २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. दोनशेहून अधिक स्त्रियांच्या रोजच्या लघवीतल्या हार्मोनवरून स्त्रीबीज नेमकं कधी सुटलं ते त्यात पाहिलं होतं. दहावा ते सतरावा दिवस धोक्याचा, असं सगळीकडे शिकवलं जातं. पण ज्यांचे गर्भ राहण्याजोगे सगळे दिवस त्या चौकटीत बसले, अशा स्त्रिया फक्त ३० टक्के निघाल्या. बाकीच्यांचे दिवस आधी तरी होते, नाही तर नंतर तरी.

अ‍ॅप काढून टाक असं मी म्हणत नाही. पाळीची नोंद ठेवणं ही चांगली सवय आहे. याच नोंदीमुळे आज मी तुला इतकं नेमकं उत्तर देऊ शकले. रोज सकाळी उठल्या उठल्या शरीराचं तापमान घेऊन आणि योनीतल्या स्रावातला बदल बघून दिवस ठरवणाऱ्या पद्धती आहेत, त्या निव्वळ तारखांपेक्षा पुष्कळ काटेकोर असतात. पण त्या कुणाकडून तरी शिकाव्या लागतात, रोज न चुकता पाळाव्या लागतात आणि त्यात दोघांचीही तयारी लागते. जो मुलगा कंडोमला तयार नाही, तो दर महिन्याला दहा-बारा दिवस थांबायला तयार होईल का, ते तूच ठरव.

काही आकडे सांगते, कारण 'चालतं गं' आणि 'काही होत नाही' यांच्यापुढे आकडे उपयोगी पडतात. काहीच न वापरता वर्षभर संबंध ठेवले, तर शंभरातल्या साधारण ८५ जणींना दिवस जातात. तारखा आणि शरीराच्या खुणा बघून चालणाऱ्या पद्धतींमध्ये, माणसं त्या प्रत्यक्षात जशा वापरतात तसं धरलं, तर पद्धतीनुसार दोनपासून तेवीसपर्यंत. शेवटच्या क्षणी बाजूला होण्याच्या पद्धतीत साधारण २०. कंडोममध्ये १३, आणि दर वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट वापरला तर २. रोजच्या गोळ्यांमध्ये ७, तीही मुख्यतः गोळी विसरल्यामुळे. तांबीत एकाहून कमी. कंडोमच्या १३ आणि २ मधला फरक हा वापरायच्या पद्धतीचा आहे, म्हणून ती नीट सांगते. वर्गात हा धडा आला की सगळ्यांच्या माना खाली जातात आणि शिकवणारेही पान उलटतात.

पाकिटावरची मुदत बघायची. बोटाने दाबल्यावर आतली हवा जाणवली पाहिजे. हवा नसेल तर पाकिटाला भोक आहे, फेकून द्यायचं. आतला कंडोम एका कडेला सरकवायचा आणि दुसऱ्या कडेने पाकीट हाताने फाडायचं. दातांनी नाही, कात्रीने नाही. लिंग ताठ झाल्यावर आणि योनीला स्पर्श होण्याआधी कंडोम लावायचा, मध्येच नाही. टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढायची आणि दुसऱ्या हाताने मुळापर्यंत उलगडत न्यायचा. उलगडत नसेल तर तो उलटा लागला आहे. तोच सुलटा करून वापरायचा नाही, नवा घ्यायचा. तेल, क्रीम, व्हॅसलीन यांनी लॅटेक्स कमजोर होतं, म्हणून वंगण पाण्यावर आधारलेलं हवं. एकावर एक दोन लावायचे नाहीत, घासून फाटतात. वीर्यपतनानंतर ताठरपणा जाण्याआधी, मुळाशी कड धरून बाहेर यायचं. पाकिटे पँटच्या खिशातल्या वॉलेटमध्ये महिनोन्‌महिने ठेवायची नाहीत, उष्णतेने आणि दाबाने ती खराब होतात. हे सगळं त्यालाही वाचायला दे. मुलांनाही हे कुणी शिकवलेलं नसतं. मित्रांच्या गप्पा आणि पॉर्न एवढ्यावर त्यांचं शिक्षण झालेलं असतं आणि पॉर्नमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

इमर्जन्सी गोळीबद्दल थोडक्यात. तिने वंध्यत्व येत नाही. रुजलेला गर्भ तिने पडत नाही, ती गर्भपाताची गोळी नाही. तू ती घेतलीस ते योग्यच केलंस. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितका उपयोग जास्त. स्त्रीबीज सुटून गेल्यावर ती फारसं काही करू शकत नाही. युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी १२० तासांपर्यंत चालते. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांनी बसवलेली तांबी या सगळ्यांत जास्त खात्रीची, आणि ती पुढे काही वर्षं गर्भनिरोधक म्हणूनही राहते. गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आले, तर आधीची गोळी त्यांना लागू होत नाही. उलट स्त्रीबीज पुढे ढकललेलं असल्यामुळे ते नेमकं तेव्हाच सुटू शकतं. दर वेळी तीच घेत राहणं म्हणजे पाळीचा गोंधळ वाढवून घेणं आणि त्या मानाने संरक्षण कमीच मिळणं. हार्मोनच्या गोळ्यांचा नियमित कोर्स हवा असेल तर तो डॉक्टरांना विचारून सुरू कर. मायग्रेनमध्ये डोळ्यांसमोर चमकतं का, धूम्रपान करतेस का, रक्तात गुठळी होण्याचा घरात कुणाला त्रास आहे का, हे ते विचारतील. खरं सांग.

एका गोष्टीचा तू उल्लेख केलेला नाहीस, तरी सांगते. गोळी असो, तांबी असो वा अ‍ॅप, यातलं काहीच संसर्ग अडवत नाही. ते काम कंडोमच करतो. क्लॅमिडिया या आजारात बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. वेळेत कळला तर अँटिबायोटिकने पूर्ण बरा होतो, नाही कळला तर गर्भनलिकांना इजा होऊन पुढे मूल राहण्यात अडचण येऊ शकते. तुझ्या मनात असलेली वंध्यत्वाची भीती गोळीला चिकटली आहे. ती इथे असायला हवी. तुमच्यापैकी कुणाचेही आधी संबंध आलेले असतील, तर दोघांनीही तपासणी करून घ्या. 'मला काही त्रास नाही' हा तपासणीचा निकाल नव्हे. एचपीव्ही या विषाणूवरची लस अजून घेतली नसशील तर डॉक्टरांना विचार. ती संबंध सुरू होण्याआधी घेणं सगळ्यात चांगलं, पण नंतरही उपयोग होतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची बहुतेक प्रकरणं याच विषाणूमुळे होतात.

आता तुझा शेवटचा प्रश्न. तू तो 'अजून एक' म्हणून टाकलास, पण माझ्या मते पत्रातला सगळ्यात मोठा तोच आहे. नाही, तुझं चुकत नाही.

त्याच्या बोलण्यातला विश्वास आणि तुझ्या बोलण्यातलं कंडोम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझा त्याच्यावर कितीही विश्वास असला, तरी या महिन्यात स्त्रीबीज कोणत्या दिवशी सुटेल हे त्याच्या हातात नाही, तुझ्याही नाही. दिवस राहिले तर गोळी, टेस्ट, दवाखाना, रात्रीची जाग हे सगळं तुझ्या वाट्याला येतं. या वेळीही आलंच. ज्याच्या अंगावर हे येत नाही, त्याने विश्वासाची परीक्षा म्हणून ते तुझ्याकडून मागावं, हे मला रास्त वाटत नाही.

दोन दिवसांचा अबोला मला त्याहून जास्त खटकला. राग येतो, माणूस गप्प बसतं, तेवढ्याने कुणी वाईट ठरत नाही. पण त्या अबोल्यानंतर तू 'हो' म्हणालीस, ते तुला हवं होतं म्हणून नाही, त्याने बोलावं म्हणून. असं 'हो' म्हणजे संमती नव्हे. संमती दर वेळी नव्याने लागते. काल होती म्हणून आज असतेच असं नाही, सुरुवातीला होती म्हणून मध्येच थांबता येत नाही असंही नाही. आणि कंडोम घालून संबंधाला होकार दिला असेल, तर तो न सांगता काढून टाकणं म्हणजे तुझा होकार मोडणं. १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं की मूल कधी, किती, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो निर्णय जबरदस्तीशिवाय घेता आला पाहिजे. तिथे जे मोठ्या शब्दांत लिहिलं गेलं, ते तुझ्या बाबतीत एवढंच आहे: 'आज नको' म्हटल्यावर त्याची किंमत मोजायला लागू नये.

त्याच्याशी बोल. एकांतात, जवळ आल्यावर नको; तेव्हा दोघांनाही नीट ऐकू येत नाही. दिवसाढवळ्या, चालता चालता, कपड्यांत असताना बोल. मी तुझ्या जागी असते तर असं म्हणाले असते: 'मला तू हवा आहेस. कंडोमशिवाय संबंध नको आहे. गेला आठवडा मी झोपलेले नाही. हा वरचा हिशेब बघ, नववा दिवस सेफ नव्हता. आणि तू बोलायचा थांबलास तेव्हा मी घाबरून हो म्हटलं, ते मला पुन्हा करायचं नाही.' मग थांब. स्पष्टीकरणावर स्पष्टीकरण देत बसू नकोस.

तो वरमला, आकडे पाहून 'मला हे माहीत नव्हतं' म्हणाला, तर माझा त्याच्यावर विश्वास बसेल. या वयात माहिती नसणं ही त्याची चूक नाही आणि माहिती मिळाल्यावर तो काय करतो त्यावरून तुला पुष्कळ कळेल. तो वाद घालेल, चिडेल, मग दोन दिवसांनी येऊन बोलेल, हेही शक्य आहे. वेळ दे, पण तेवढ्या काळात संबंध नको. आणि 'मग आपलं जमणार नाही', 'दुसऱ्या मुली इतका विचार करत नाहीत' असं ऐकायला मिळालं, किंवा तुमचे फोटो आणि मेसेज यांचा नुसता उल्लेख जरी झाला, तर बाजूला हो आणि भरवशाच्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांग. हे एकटीने निस्तरायचं नसतं.

डॉक्टरांकडे जावं लागलं तर काय विचारतील, घरी कळेल का, ही भीती तुझ्या मनात असणारच. तू सज्ञान आहेस. रुग्णाने सांगितलेलं स्वतःजवळ ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य असतं आणि 'हे आपल्यातच राहील ना' असं पहिल्यांदाच विचारायला काहीच हरकत नाही. लग्न झालंय का, या प्रश्नावर गडबडू नकोस, सरळ 'संबंध आलेला आहे' असं सांग. ती माहिती लपवली तर त्यांचं निदान चुकू शकतं. एका कागदावर चार तारखा लिहून ने: शेवटची पाळी, संबंध, गोळी आणि टेस्ट. आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली, किंवा पाळी नसताना रक्तस्राव झाला, तर आठवडाभर वाट बघायची नाही. टेस्ट निगेटिव्ह आली होती म्हणून थांबायचं नाही, रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

तुझी,
ताई